साडेचार वर्षांच्या मुलीला स्वतःचं ध्येय ठरवून ते पूर्ण करायला कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी साडेचार वर्षांची, पालकसभेत कोणीतरी गोल सेटिंगवर, म्हणजे ध्येय ठरवण्यावर बोललं, तुम्ही घरी येऊन फ्रीजवर चार्ट लावला आणि त्यात चार गोष्टी लिहिल्या, रोज 20 पर्यंत आकडे लिहिणे, आपल्या हाताने जेवणे, हट्ट न करणे आणि बुटाची लेस बांधणे. पहिला आठवडा स्टार मिळतोय म्हणून तिने केलं आणि आता त्या चार्टकडे ढुंकूनही बघत नाही. मी बरीच वर्षं बालवाडी चालवते, असे चार्ट खूप घरांत पाहिलेत, म्हणून स्पष्टच सांगते, मुलीत काहीच कमी नाहीये. ती यादी तुमची आहे, तिची नाहीच.

आता यादीतलं "हट्ट न करणे" घ्या. हे ध्येय होऊच शकत नाही, कारण न केलेली गोष्ट लहान मुलाला दिसत नाही, संध्याकाळी तिला कसं कळणार की आपल्याला जमलं की नाही? ते आईच्या चेहऱ्यावरूनच कळणार, म्हणजे परत सगळं तुमच्याच हातात. या वयाचं ध्येय म्हणजे झालं की डोळ्यांना दिसेल असं काहीतरी, आणि तेही आजच्या आज. फ्रॉकची सगळी बटणं लागली, वाटीभर मटार सोलून झाले, ठोकळ्यांचा मनोरा तिच्या खांद्याएवढा झाला, घसरगुंडीच्या शिडीवर बाबाचा हात न धरता चढली. बास, एवढंच. "रविवारपर्यंत" वगैरे बोलूच नका, साडेचार वर्षांच्या मुलाला रविवार आणि दिवाळी सारखीच लांब असते, त्यापेक्षा "दुपारी झोपून उठलीस की" हे लगेच समजतं.

मग तिचं ध्येय शोधायचं कसं? दोन-चार दिवस काही न बोलता नुसतं बघा. या वयाचं मूल सतत कशाच्या तरी मागे लागलेलं असतं, आपल्याला तो पसारा वाटतो किंवा वेळ घालवणं वाटतं. आमच्याकडे एखादा मुलगा आठवडाभर फक्त डब्याचं झाकण उघडतो आणि लावतो, दुसरं काही करायला तयारच नसतो, कारण त्याला मधल्या सुट्टीत ताईकडे डबा घेऊन जायचं नसतं!! हे त्याचं ध्येय, फक्त तो तसं म्हणत नाही. ते हेरायचं आणि शब्दात आणून द्यायचं, "तुला डबा स्वतः उघडायचाय ना? चल आज तेच करू." आणि नुसतं "आज काय करणार?" असं विचारलं तर उत्तर "माहीत नाही" किंवा "आईस्क्रीम" असं येणार, म्हणून दोन पर्याय द्या, आज मनोरा करायचा की मणी ओवायचे? तिने बोट दाखवलं तरी चालेल.

अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावात 1962 मध्ये डेव्हिड वायकार्ट यांनी पेरी प्रीस्कूल सुरू केलं, तिथून पुढे हायस्कोप म्हणून पद्धत निघाली. त्यात रोजचा क्रम असा, की मुलाने आधी सांगायचं मी काय करणार, मग ते करायचं, आणि शेवटी काय केलं ते सांगायचं. ऐकायला अगदी साधं वाटतं पण मला विचाराल तर लहान मुलांच्या गोल सेटिंगमध्ये एवढंच कामाचं आहे, बाकी सगळी सजावट. आपल्याकडे घरी मधला भाग होतो, मूल काहीतरी करतंच असतं, पण आधीचं सांगणं आणि नंतरचं सांगणं राहून जातं. नंतरचं तर फारच, आपण विचारतो "शाळेत काय केलंस?" आणि उत्तर येतं "काही नाही". त्याऐवजी वस्तू हातात घेऊन विचारा, ही माळ आहे ना, यात लाल मणी आधी घातलेस की पिवळे? किंवा खोटा खोटा फोन लावा, "हॅलो आजी, मी आज काय केलं माहितीये का", यावर मुलं इतकं बोलतात की फोन ठेवायला लावावा लागतो. आणि तिने मध्येच बेत बदलला, मनोरा सोडून घर बांधायला घेतलं, तर बदलू दे, फक्त विचारा की आता काय ठरवलंस.

आता स्टारचं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नर्सरीतल्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, तो 1973 साली छापून आला. मुलं अशी निवडली की ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चकतीचं आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी तेच पेन वर्गात ठेवले तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. म्हणजे जे आपणहून आवडत होतं त्यातलंच मन उडालं. तुमच्या घरी झालं ते फार वेगळं नाही. स्टार म्हणजे पाप आहे असं नाही हां, शी-शूच्या ट्रेनिंगला दोन दिवस स्टिकर दिला म्हणून काही बिघडत नाही, पण जे तिला स्वतःला करावंसं वाटतंय त्याला स्टार चिकटवू नका. त्याऐवजी काय घडलं ते बोला. "हुशार गं माझी बाय" म्हणालात तरी गोडच आहे, पण "तिसरं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, तू काढून परत लावलंस" हे ऐकलं की तिला कळतं की नेमकं कशामुळे जमलं.

काम अवघड असेल तर शेवटची पायरी तिला ठेवा. जॅकेटची चेन असेल तर खालची कडी तुम्ही अडकवा, अर्ध्यापर्यंत ओढा, उरलेलं तिने ओढायचं म्हणजे "झालं!" हा क्षण तिचा असतो. मग रोज थोडं थोडं आधी सोडून द्या. पहिली पायरी तिला आणि शेवट आपण, असं उलटं केलं की मूल अर्ध्यात रडतं आणि आपण म्हणतो हिला चिकाटी नाही.

आणि हे सगळं सकाळी नको, प्लीज. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत, आजी "आण इकडे, मी लावते" म्हणून बटण हातातून काढून घेतायत, यात कुठलं ध्येय आणि कुठलं काय. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करा, घाई नसताना. आजींना आधी सांगून ठेवा की दहा मिनिटं फक्त बघायचं, हे आजींसाठी मुलीपेक्षा जास्त अवघड असतं!

ऑनलाइन जी महागडी गोल सेटिंग किट मिळतात ती घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे बालशिक्षण उभं केलं त्यात शंखशिंपले, बिया, खडे असलं आसपासचंच सामान होतं, आणि त्यावर मुलं तासन्‌तास रमायची. तुमच्याकडे चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुना शर्ट असेलच.

तर तुमच्या चार्टचं असं करा. हट्टाची ओळ खोडून टाका. आकड्यांची पण सध्या खोडा, 20 पर्यंत लिहिण्यापेक्षा जेवायच्या आधी चार ताटं, चार वाट्या मोजून मांडू दे, गणित त्यातच होतं. जेवणाचं ध्येय एका पदार्थापुरतं करा, म्हणजे वरणभात तुम्ही भरवा पण पोळीचे तुकडे तिने स्वतः करून भाजीला लावून खायचे. लेसचं मात्र आत्ता नकोच, बहुतेक मुलांची बोटं त्यासाठी साडेपाच-सहाच्या सुमारास तयार होतात, तोपर्यंत वेल्क्रोचे बूट घ्या.