रिपोर्टमध्ये औषधांपुढे ‘आर’च ‘आर’

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांना वरचेवर लघवीला जळजळ होते. दर वेळी ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद, असं चालायचं. या वेळी गुण आला नाही. डॉक्टरांनी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला लावलं. रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ लिहिलंय आणि नॉरफ्लॉक्सासिन, सेफिक्झिमपुढे ‘आर’. त्यांच्या अंगाला औषधांची सवय झाली का? आता इंजेक्शनंच घ्यावी लागणार का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंच्या अंगाला कसलीही सवय झालेली नाही. ‘आर’ म्हणजे ‘रेझिस्टंट’, त्या औषधाला दाद न देणारा. हा शेरा जंतूवर आहे, त्यांच्यावर नाही. त्यांना हे आधी सांगा. रिपोर्ट हातात पडल्यावर ‘आता मला औषधच नाही’ म्हणून धीर सोडणाऱ्या बायका मी नेहमी बघते.

माझं काम लॅबमध्ये या प्लेटा वाचायचं. जंतू पसरलेल्या प्लेटवर आम्ही औषधांच्या ६ मिलिमीटरच्या चकत्या ठेवतो. औषध चालत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. ईएसबीएल (काही औषधं फोडणारं एन्झाइम) बनवणारा जंतू असला की सेफोटॅक्झिम या सेफिक्झिमच्या गटातल्या औषधाभोवतीचं वर्तुळ लहान राहतं; पण त्याच औषधात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेल्या शेजारच्या चकतीभोवती ते ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मोठं होतं. म्हणजे जंतू औषध फोडणारं एन्झाइम बनवतोय आणि ॲसिडनं ते अडवलं. या एन्झाइमची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, बऱ्याचदा इतर औषधांना दाद न देणारी जनुकंही बरोबर घेऊन.

हे घडतं मुख्यतः आतड्यात. ई. कोलाय तिथलाच रहिवासी. प्रत्येक अँटिबायोटिकनं तिथले साधे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि तिथून मूत्रमार्ग काही दूर नाही. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं मला अजिबात मान्य नाही. सेफिक्झिम तर २०१४पासून शेड्यूल एच-१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही, चिठ्ठीवर दिलं तरी रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची, असा नियम आहे.

इंजेक्शनंच लागतील असं नाही. रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे काय लिहिलंय ते बघा. दोन्ही जुनी, तोंडानं घ्यायची औषधं, आणि ईएसबीएल ई. कोलायवरही ती बरेचदा चालतात. फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचा एकच डोस पाण्यात विरघळवून घेतात. पण ही औषधं मूत्राशयातल्या संसर्गापुरती. जंतू किडनीपर्यंत गेले असतील तर पुरत नाहीत, आणि किडनी कमजोर असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन टाळतात. तेव्हा निवड डॉक्टरच करतील.

पुढच्या वेळी पहिल्या गोळीच्या आधी लघवीचा नमुना द्या. पहिली धार सोडून मधली घ्या आणि २ तासांत लॅबला पोचवा. बरं वाटल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा कल्चर मात्र नको. या वयात त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात आणि त्यांना सहसा औषध देत नाहीत. पाळी गेल्यानंतर योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं असे संसर्ग कमी होतात. सासूबाईंना ते चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. रक्तातली साखरही तपासून घ्या.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं, उलट्या किंवा असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.