उशीर झाला म्हणतेस, म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सव्विसाव्या वर्षी ‘अभिनयासाठी आता उशीर झाला’ असं लिहिलंयस, ते मनाला लागलं. म्हणून आज तुला ऑस्ट्रेलियन अभिनेत्री जॅकी वीव्हरबद्दल सांगायला बसले आहे.

जन्म सिडनीचा, १९४७ चा. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियन सिनेमाने उभारी धरली, तेव्हा ती अगदी मधोमध होती. ‘स्टॉर्क’ (१९७१) साठी तिला तिकडच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ‘कॅडी’ (१९७६) साठी सहायक अभिनेत्रीचा. मध्ये १९७५ साली ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’मध्ये ती शाळेतली मोलकरीण झाली. पुढे चित्रपट विरळ होत गेले. कितीतरी वर्षं. नाटक मात्र तिने सोडलं नाही. तिच्यावरच्या लेखांत हा काळ एका ओळीत उरकलेला असतो, आणि मला तर तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅमेरा आपल्याकडे बघत नसताना आवाज, श्वास आणि कान तिने नाटकातच जागे ठेवले.

२०१० मध्ये ‘अ‍ॅनिमल किंगडम’ आला. दिग्दर्शकाचा पहिलाच मोठा चित्रपट. मेलबर्नच्या एका गुन्हेगार कुटुंबाची आई त्यात जॅकीने केली. ही आई ठेंगणी, गोड, सगळ्यांना लाडाने हाक मारणारी. मोठ्या झालेल्या मुलांच्या ओठांवर ती चुंबन देते आणि ते क्षणभर जास्तच रेंगाळतं. तिथेच आपल्या पोटात गोळा येतो. पुढे स्वतःच्या नातवाचा काटा काढायचं ती ठरवते, तेव्हाही तिचा आवाज चढत नाही. ओठांवरचं हसू तसंच राहतं, फक्त डोळे थंड होतात. हे दृश्य एकदा आवाज बंद करून बघ. मग नुसतं ऐक. तू रागाच्या प्रवेशात पहिल्याच वाक्याला वरच्या पट्टीत जातेस, हे मी तुला किती वेळा सांगितलं आहे!

त्या भूमिकेने तिला ६३ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. दोन वर्षांनी ‘सिल्व्हर लाइनिंग्ज प्लेबुक’साठी पुन्हा. तिथे ती रॉबर्ट डी निरोची बायको आहे. घरातली बाकीची माणसं भांडतात, ओरडतात. तिच्या वाट्याला संवाद त्या मानाने थोडे. ती ऐकते, खाणं करते, मुलाच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही. तिच्या त्या ऐकण्यावर मी एक अख्खा तास शिकवू शकेन. दोन्ही वेळा पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. तिची कामं पुढेही चालू राहिली.

आता तुझ्याबद्दल. त्या नाटकातली मोलकरणीची भूमिका ‘दोनच प्रवेश आहेत’ म्हणून तू नाकारलीस, हे मला पत्राच्या शेवटी, ताजा कलमात कळलं. मला ते अजिबात आवडलं नाही. दिग्दर्शकाला आज संध्याकाळच्या आत फोन कर. भूमिका अजून कुणाला दिली नसेल तर माग. संहिता घेऊन रविवारी माझ्याकडे ये. तुझ्या दोन प्रवेशांतले दुसऱ्यांचे संवाद आधी पाठ करून आण.

तुझ्या
बाई