'ब्लेड रनर' सिनेमा परत बघायचाय, तो ज्यावर बेतलाय ती कादंबरी आधी वाचू का?

नको भावा, आधी सिनेमाच बघ. पण २००७ची 'फायनल कट', म्हणजे दिग्दर्शकानं शेवटी स्वतः पक्की केलेली प्रत लाव. १९८२च्या थिएटरातल्या प्रतीत नायकाचं निवेदन सारखं कानाशी, वर शेवट गोड केलेला. फिलिप के. डिकच्या १९६८च्या कादंबरीत खऱ्या जनावराला सोन्याचा भाव. नायकाच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी! आपल्याकडं गोठ्यातल्या म्हशी मोजून घर तोलतात, तसंच ते. सिनेमात हे जवळजवळ गळालंय, कृत्रिम घुबड आणि साप तेवढे उरलेत. दुसऱ्यांदा बघताना रहस्याच्या मागं लागू नको, रॉय बॅटी या कृत्रिम माणसाकडं लक्ष दे. खरा माणूस तोच वाटतो. आणि खानापुरात जुलैत बघणार असशील (लाइट राहिली तर!), हेडफोन लाव, नाहीतर पत्र्यावरच्या पावसात व्हँजेलिसचं संगीत काही ऐकू यायचं नाही.