मधले सहा दिवस

प्रश्न : ताई, गेल्या आठवड्यात एका मालिकेचे आठही भाग मी एका रात्रीत पाहून टाकले. पहाटे चारला संपलं. दोन दिवसांनी पात्रांची नावंही आठवेनात. लहानपणी मी आणि माझी थोरली बहीण आठवड्यातून एकदाच लागणारी मालिका पाहायचो आणि मधले सहा दिवस पुढे काय होणार यावर भांडायचो. आता हवं ते हवं तेव्हा मिळतं, पण गोडी नाही. हे वाढत्या वयाचं रडगाणं आहे का? (एक वाचक, वय ३८)

उत्तर : नाही, वयाला दोष देऊ नका. काय हरवलंय ते तुम्हीच लिहिलंय, ‘मधले सहा दिवस’. मालिका पडद्यावर असायची तासभर. तुम्हा भावंडांमध्ये ती नांदायची ती बाकीच्या सहा दिवसांत. आता आठ भाग लागोपाठ आले आणि कुणाशी भांडायला जागाच उरली नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, आवडत्या सिनेकलाकाराचं चुंबन मिळणार असेल तर त्यासाठी किती पैसे मोजाल? आत्ता लगेच मिळालं तर किती, तीन दिवसांनी मिळालं तर किती, वर्षाने मिळालं तर किती? सगळ्यात जास्त किंमत लागली ती तीन दिवसांनी मिळणाऱ्या चुंबनाला. ते तीन दिवसही लोकांना हवे होते.

मी तरुणपणी फोटो धुण्याचं काम करायचे. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि कोणता कसा आलाय ते रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कोरा कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये सरकवायचा आणि ट्रेची एक कड हलकेच वरखाली करत राहायची. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग आधी गडद भाग उमटतात, केस, भुवया, डोळ्यांची बुबुळं. गालावरची सावली त्यानंतर, सावकाश. नवखी असताना चेहरा दिसला रे दिसला की मी चिमट्याने कागद उचलायचे. असे फोटो मळकट यायचे, त्यातला काळा कधी पुरता काळा व्हायचाच नाही. शिकवणाऱ्या बाई मग माझं मनगट धरून ठेवायला लागल्या. दीड-दोन मिनिटांचाच खेळ, पण एक अनोळखी चेहरा पाण्यातून वर येताना पाहणं मी कितीही वेळा केलं असतं.

सगळ्याच वाट पाहण्याला मात्र मी गोड म्हणणार नाही. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसणं हे ताटकळणं. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवलेत ते उगाच नाही. ताटकळताना काय येणार, कधी येणार, काहीच ठाऊक नसतं आणि मिनिटं लांबत जातात. वाट पाहताना मात्र येणारं चांगलं आहे आणि ते नक्की येणार आहे हे माहीत असतं. आईच्या शेवटच्या आजारपणात निरोप क्षणात पोचला, म्हणून मी तिच्याजवळ असू शकले. त्या वेगाचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण निरोपाला जी घाई हवी ती गोष्टीला कशाला?

तेव्हा एक करा. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ना, ती सोय बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आजच करा. मग बहिणीला फोन लावा. दोघांनी एक मालिका निवडा, एक वार ठरवा, आणि आठवड्याला एकच भाग पाहा. हाताशी असून न पाहणं म्हणजे नाटक वाटेल, मलाही पहिले दोन आठवडे वाटलं होतं. माझी एक मैत्रीण आणि मी वर्षभर हे करतोय. तिसऱ्या आठवड्यात तिचा भर दुपारी फोन आला, ‘अगं, तो भाऊ खोटं बोलतोय, त्या पत्रावरची तारीख बघितलीस का?’ मी बघितली नव्हती. पुढच्या भागापर्यंत चार दिवस ती तारीख माझ्या डोक्यातून गेली नाही.

बहिणीला अंदाज आधी सांगू द्या. थोरलीचा मान आहे तो.