'ताव्चे ग्राव्चे'मध्ये आपला तवा आहे का?

प्रश्न असा आहे की उत्तर मॅसेडोनियात पांढरा राजमा भट्टीत भाजून जे 'ताव्चे ग्राव्चे' करतात त्यातला 'ताव' म्हणजे आपला तवा का. हो, नात्यातलाच. (उच्चारातला च चहातला बरं का, 'घरचा'मधला नाही.)

तुर्की 'तावा' आला फारसी 'ताबे'वरून, तो 'ताफ्तन' म्हणजे तापवणे यातला, आणि ताफ्तन नि संस्कृत 'तप्' एकाच कुळातले. आपला तवा फारसीतून आला की प्राकृतातून उतरला यावर दोन मतं आहेत, पण दोन्हीकडून तापण्यापाशीच पोचतो. फक्त तिकडचा तावा पोळीचा नाही, काठ असलेलं पसरट मातीचं भांडं, सरळ भट्टीत जाणारं. '-चे' हा लहानपणाचा प्रत्यय, घराचं घरकुल करतो तसा.

मला जास्त मजा 'ग्राव'ची वाटते. रशियन 'गरोख' आणि पोलिश 'ग्रोख' म्हणजे वाटाणा, आणि त्याच मुळातला हा शब्द इथे राजम्याला चिकटलाय, कारण राजमा अमेरिकेतला, १४९२ नंतर युरोपात आला आणि आयतं जुनं नाव घेऊन बसला. आपल्याकडेही घेवडा म्हटलं की कुणाला वालाच्या जातीतली शेंग आठवते, आणि साताऱ्याचा वाघ्या घेवडा तर चक्क राजमाच. या पदार्थात घालतात ती लाल मिरचीही अमेरिकेचीच, त्यामुळे कोणी हा पदार्थ हजारो वर्षांचा म्हणून सांगितला तर हसून सोडून द्या, आजच्या रूपात तो ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, काळाच्या मागे जाऊ शकत नाही.

करतात असं की तिथल्या तेतोवो गावाकडचे टपोरे दाणे रात्रभर भिजवायचे, पहिल्या उकळीचं पाणी फेकायचं, कांदा घालून मऊ शिजवायचे, मग तेलात कांदा आणि लाल मिरचीपूड परतून, ज्याला ते 'झाप्रश्का' म्हणतात, ती त्यात ओतायची आणि अख्खी सुकी मिरची वर ठेवून पापुद्रा धरेपर्यंत भाजायचं, खाली थोडा रस राहिलाच पाहिजे. शुक्रवारी जास्त होतो, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, मांस चालत नाही.

पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या राजम्यात साधारण ९-१० ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅम तंतू, शिवाय लोह आणि फोलेट. प्रथिनांच्या घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी, ते सोबतचा पाव भरून काढतो. आणि घरी करणार असाल तर कच्चे भिजवलेले दाणे थेट मंद ओव्हनमध्ये टाकू नका, राजम्यातलं लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन मंद आचेवर मरत नाही आणि पोट बिघडतं, आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळाच.