तक्रार केली तर आईलाच त्रास देतील ना?

वृद्धाश्रमात आई-वडील असलेले अनेक जण मला हा प्रश्न विचारतात. डोंबिवलीहून आलेल्या एका ताईंनी तो विचारला तेव्हा त्यांच्या मोबाइलवर एक फोटो होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई ऐंशीच्या पुढची, विस्मरणाचा आजार, रक्त पातळ करायची गोळी चालू. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला निळसर गोल डाग.

"बाथरूममध्ये पडल्या म्हणाले. गोळीमुळे लगेच काळंनिळं होतं म्हणे. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा? आणि मॅडम, आईला राहायचंय तिथेच."

गोळीचं खरं होतं. पण पडलं की बहुतेकदा गुडघा, कोपर, कपाळ अशा ठिकाणी लागतं. दोन्ही दंडांना आतून सारखेच डाग दिसले, की कुणी घट्ट धरलं असावं ही शंका घ्यायलाच हवी. विचारल्यावर ताईंना आठवलं, की देखभालीची एक ठरावीक मावशी खोलीत आली की आई चादर हनुवटीपर्यंत ओढून घेते.

"खात्री झाली की बोलेन," त्या म्हणाल्या. दिवस जातात ते इथेच. खात्री करणं नातेवाइकांचं काम नाही, ते पोलिसांचं आणि डॉक्टरांचं. तोवर डाग विरतात, सीसीटीव्हीच्या जुन्या फुटेजवर नवं चढतं. मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात तशी सक्ती नाही. घरचे गप्प बसले की विषय संपला.

त्रास देतील ही भीती मी खोटी म्हणत नाही. म्हणूनच आधी तपासणीच्या निमित्ताने आईला बाहेर काढायचं, मग तक्रार. त्याच संध्याकाळी ताई तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डाग केसपेपरवर नोंदवले, पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ वर, फोन केला. (जिवाला धोका वाटला तर थेट ११२.) फुटेज आणि ड्यूटी रजिस्टर जपून ठेवा असा लेखी अर्ज संस्थेला देऊन पोच घेतली. भावाने "एवढं ताणायचं कशाला" म्हणून फोन ठेवला, ते वेगळंच.

चौकशी चालू आहे. दोष मावशीचा, की रात्री तिच्या एकटीवर सगळा मजला सोडणाऱ्या संस्थाचालकांचा? मला विचाराल तर आधी चालकांना धरावं. आई सध्या लेकीकडे आहे. नवी जागा बघताना ताईंचा पहिला प्रश्न असतो, न कळवता आले तर आत सोडाल का? दोन ठिकाणी नाही म्हणाले. ती नावं त्यांनी खोडली.