आधी मनगट, मग चूक कोणाची ते

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. थांबलेल्या गाड्यांच्या रांगेला ओलांडत बाईक नेताना गल्लीतून निघालेल्या कारशी तुझी धडक झाली, तू हात टेकून पडलीस, आणि आता 'चूक माझी का?' असं विचारतेयस. कारवाल्याने इंडिकेटर दिला नव्हता, हे त्यात तीनदा आलंय. अंगठ्याखाली दुखतंय, हे एकदाच, तेही शेवटी, जाता जाता. मी उत्तर उलट्या क्रमाने देणार आहे.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही म्हणून तू क्रेप बँडेज गुंडाळून मोकळी झालीस. आता एक कर. डाव्या हाताचा अंगठा ताणून वर उचल. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या दोऱ्यांच्या मध्ये एक खळगा दिसेल. त्यात दुसऱ्या हाताचं बोट दाब. कळ आली तर उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि 'पडताना हात टेकला होता, इथे दाबलं की दुखतं' एवढं स्पष्ट सांग. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडलेल्या माणसाचं हे हाड मोडलेलं असतं आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही, असं वारंवार होतं. म्हणून अशा वेळी डॉक्टर मोडलंय असंच धरून प्लास्टर किंवा स्प्लिंट देतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर सरळ एमआरआय करायला सांगतात.

एवढी घाई का? या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे मनगटाकडे जातं. मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी कधी तो तुकडा आतल्या आत मरतो, आणि काही वर्षांनी मनगट आखडायला लागतं. तुझा हा क्लचचा हात आहे. 'मुरगळला असेल, जाईल' असं म्हणून महिना काढणारे लोक असतात आणि त्यांची अक्कल मला कधीच कळलेली नाही.

बाकीचं पटकन. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, वेळीअवेळी गुंगी यायला लागली, बोलण्यात गोंधळ झाला, तर सकाळची वाट पाहू नकोस. डाव्या बरगड्यांखाली दुखतंय आणि सोबत डावा खांदाही दुखतोय, असं झालं तरी तसंच. हँडल पोटात लागल्यावर प्लीहेतून, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या अवयवातून, रक्तस्राव व्हायला कधी कधी काही दिवसही जातात. कोपरावरच्या खरचटलेल्या जागेत खडीचे काळे कण राहिले असतील तर ते नीट साफ करून घे, नाहीतर कातडी त्यांच्यावरूनच भरते आणि डाग कायमचा राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, ते घरी विचार. आणि हेल्मेट, ज्याला 'नुसता ओरखडा' आलाय म्हणतेस, ते बदल. आतला फोमचा थर दबून मार झेलतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही.

आता चूक.

तुला हो की नाही असं उत्तर हवंय. कोर्टात आणि इन्शुरन्समध्ये बऱ्याच ठिकाणी ते टक्क्यांत येतं. फटीतून बाईक काढणाऱ्यांबद्दल ब्रिटनमधले तीन निकाल सांगतो, कारण तिन्ही एकत्र पाहिले की डोक्यात प्रकाश पडतो. १९६६ चा निकाल जवळजवळ तुझाच किस्सा आहे. थांबलेल्या रांगेच्या बाजूने बाईकवाला पुढे चाललाय, रांगेतल्या एका टँकरवाल्याने गल्लीतून येणाऱ्या कारला जागा करून दिलीय, कार त्या जागेतून बाहेर आली आणि धडक झाली. दोष बाईकवाल्याकडे ८० टक्के. १९८० मध्ये तशाच प्रकारच्या धडकेत अपील कोर्टाने सांगितलं की आधीच्या निकालाने काही नियम घालून दिलेला नाही, प्रत्येक वेळी परिस्थिती बघायची; तिथे दोष निम्मा-निम्मा झाला. आणि २००६ मध्ये, रांगेतल्या कारने बाईक अगदी जवळ आलेली असताना अचानक यू-टर्न मारला, तेव्हा पूर्ण दोष कारवाल्याचा ठरला.

तिन्हींमध्ये बाईक रांगेला ओलांडूनच चालली होती. फरक पडला तो एवढ्याने, की पुढे काय होणार याची चाहूल बाईकवाल्याला लागायला हवी होती का, आणि लागली असती तर थांबायला त्याच्याकडे जागा होती का. तुझ्या इथला कायदा मी तुला पत्रातून शिकवणार नाही, तो वकिलाला विचार. मात्र इन्शुरन्सचा सर्व्हेअर असो की न्यायाधीश, हे दोन प्रश्न तुला विचारलेच जाणार.

त्यासाठी आजच बस आणि सगळं लिहून काढ. रांग पूर्ण थांबलेली होती की सरकत होती, तू कुठल्या बाजूने होतीस, कार कुठून दिसली, आधी काय दिसलं – बॉनेट की चाक. एक साधं चित्र काढ. ब्रेकच्या खुणा, काच, दोन्ही गाड्यांना कुठे लागलंय, याचे फोटो गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी काढ. आसपासच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते मागायचं असेल तर आत्ताच. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच लिही. वेग कमी करून सांगायचा मोह होईल; करू नकोस, डॅशकॅम आता बऱ्याच गाड्यांत असतो.

कारवाला 'आपसात मिटवून टाकू' म्हणतोय, पैसे आज देतो म्हणतोय. माणूस वाईट असेलच असं नाही, घाबरलेलाही असेल. तब्येत विचारायला फोन केला तर नीट बोल. पण मनगटाचा निकाल लागेपर्यंत पैसे घ्यायचे नाहीत आणि कुठल्याच कागदावर सही करायची नाही. आज मनगट मुरगळलेलं आहे, तीन आठवड्यांनी ते ऑपरेशनचं निघालं तर तो खर्च कोणाच्या माथी? शिवाय हे दुखणं अपघाताच्या वेळेपासूनचं आहे, असं डॉक्टरांच्या कागदावर आलं नाही तर पुढे क्लेममध्ये ते सिद्ध करताना नाकी नऊ येतील.

हे झालं कागदावरचं. आता तुझ्यामाझ्यातलं.

तू लिहिलंयस, 'सगळे थांबले होते, मध्ये छान गॅप दिसली म्हणून निघाले.' माझं लक्ष या वाक्यावर अडकलं. खेटून उभ्या असलेल्या रांगेत एका गाडीने पुढे जागा सोडलीय, आणि ती जागा नेमकी गल्लीच्या तोंडाशी आहे. ती उगाच सोडलेली नसते. कोणीतरी कोणालातरी 'ये' म्हटलेलं असतं. तिथून कार निघेल, सायकल निघेल, पायी चालणारा निघेल, आणि निघणारा जागा देणाऱ्याकडे बघत असतो, तुझ्याकडे नाही. तुला तो दिसत नाही, कारण मध्ये उभी गाडी आहे. म्हणजे इंडिकेटर दिला असता तरी तुला तो बहुधा दिसला नसता. तीनदा लिहिलंस म्हणून सांगतोय.

दुसरं वाक्य: 'जास्त नव्हता, चाळीसच असेल.' ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या माणसाचाही एक सेकंद जातो, नवख्याचा जास्त. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तू दोन कारच्या लांबीहून जास्त पुढे गेलेली असतेस. ताशी २० ला हेच अंतर साडेपाच मीटर होतं, आणि ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारी जागा तर साधारण चौथाईवर येते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २०१४ पासून असं फटीतून जाणं कायदेशीर आहे, पण ताशी ३० च्या आत आणि फक्त पक्कं लायसन्स असलेल्यांना. शिकाऊ आणि नवख्या चालकांना ती मुभाच नाही. कॅलिफोर्नियातल्या अपघातांवरचा बर्कली विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यासही वेगातल्या फरकावरच बोट ठेवतो: आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा बाईक ताशी १५ मैलांहून, म्हणजे साधारण २४ किलोमीटरहून, जास्त वेगात असेल तर इजा वाढतात. तुझ्या बाजूच्या गाड्या शून्यावर होत्या. फरक चाळीसचा होता.

म्हणून कारवाल्याचा वाटा कमी होत नाही. न बघता बाहेर येणं ही त्याची चूक आहे आणि ती त्याला भरावी लागेल, लागायलाच हवी. टक्के ठरवणारे ठरवतील. पण पुढच्या वेळी गल्लीतून निघणारा माणूस दुसराच असेल. त्याला मी काही शिकवू शकत नाही, म्हणून तुला सांगतोय.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सुरुवात रांगेत उभं राहून कर. कारमागे कारसारखी थांब, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. काही महिने फटीत शिरूच नकोस. पुढे शिरशील तेव्हा आधी इथला नियम वाच, आणि मग रांग पूर्ण थांबलेली असतानाच शीर, दोन बोटं ब्रेकवर ठेवून, पळणारा माणूस बरोबरीने येईल एवढ्याच वेगात. गल्ली, गेट, पेट्रोल पंपाचं तोंड आलं की चालण्याच्या वेगावर ये. ट्रक किंवा बसच्या कुशीत कधीच थांबायचं नाही. एखाद्या कारची पुढची चाकं वळलेली दिसली तर ती निघणार असं धरायचं. रांग हलायला लागली की लगेच लेनमध्ये परत.

गाडी घेताना मेकॅनिककडून पुढचा फोर्क आणि हँडल सरळ आहे का ते तपासून घे, नुसता मडगार्ड आणि लिव्हर बदलून देतील. पहिल्या दिवशी मी बरोबर येईन, तू पुढे आणि मी मागे.

तुझा,
काका